गावात सख्खा भाऊ असताना

"या वेळी आपण लॉजवर उतरू," असं ही म्हणाली आणि मी जेवता जेवता ताटावरून उठलो. रागानेच उठलो. नगर माझं जन्मगाव. सावेडीला माझ्या सख्ख्या मोठ्या भावाचं घर आहे, गावात शाळेतले मित्र आहेत, आत्याची मुलं आहेत. अशा गावात एस. टी. स्टँडसमोरच्या लॉजवर पैसे मोजून झोपायचं, ही कल्पनाच मला सहन होईना. कुणी पाहिलं तर म्हणेल, भावाभावांत फाटलं.

ही गोष्ट डिसेंबर २०२४ची. तोफखान्यातल्या जुन्या वाड्यात आमच्या वाटणीच्या दोन खोल्या होत्या. आई गेल्यापासून त्या बंदच होत्या. त्या विकायचं दादाने आणि मी ठरवलं होतं आणि खरेदीखतावर सह्या करायला मला पुण्याहून जायचं होतं. हिचीही संमती म्हणून सही लागणार होती. दोन दिवसांचं काम. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीनच महिने झाले होते. हिने तेवढंच कारण सांगितलं. खरं कारण पुढे नगरमध्ये कळलं.

मी एवढा का चिडलो, ते कळायला आमचं तोफखान्यातलं घर माहीत हवं. दोन खोल्या, एक माजघरवजा बोळ आणि सामाईक अंगण. एवढ्या जागेत आम्ही घरचे पाच जण आणि येणारे किती, याची मोजदाद नसे. पाथर्डीकडचे, शेवगावकडचे नातेवाईक कोर्टकचेरीला, दवाखान्याला, बाजाराला आले की आमच्याकडेच उतरत. माझे दोन चुलतभाऊ नगर कॉलेजात शिकले ते आमच्याच घरी राहून. १९७२च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. तेव्हा गावाकडची माणसं आली ती महिना महिना राहिली. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोच्या भाकरी आई अकरा माणसांसाठी थापत होती, हे मला लख्ख आठवतं. त्या भाकरीचा वास आणि घशात अडकणारा तिचा कोरडेपणा अजून विसरलेलो नाही. वडील अभिमानाने म्हणायचे, "आपल्या घरचं दार कधी लागलं नाही." पुढे मीही हेच वाक्य बँकेतल्या सहकाऱ्यांना, मुलीला, जावयाला सांगत आलो. लॉज हा शब्द आमच्या घरी वाईट होता. ज्याला गावात कुणी नाही, किंवा ज्याचं काही लपवण्यासारखं आहे, तो लॉजवर उतरतो, अशी आमची पक्की समजूत होती.

शेवटी हिच्या हट्टापुढे मी नमलो. दादाला फोनवर सांगताना माझा आवाज चोरटा झाला. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग "तुमची मर्जी" म्हणाला.

माळीवाड्याच्या स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर ते हॉटेल होतं. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. तशी हॉटेलं प्रत्येक जिल्ह्याच्या गावी स्टँडसमोर असतात. खाली चहा-नाष्ट्याचं दुकान, शेजारी मोबाइलचं, मधून अरुंद जिना आणि जिन्याच्या तोंडाशी काउंटर. भाडं १२०० रुपये, त्यावर १२ टक्के कर, म्हणजे रात्रीला १३४४. मॅनेजरने दोघांची आधार कार्डं घेतली, झेरॉक्स काढली आणि रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. नाव, वय, सोबत कोण, कुठून आले, कुठे जाणार, येण्याचं कारण. 'कायमचा पत्ता' या रकान्यात मी पुण्याचा पत्ता लिहिला. पाठीमागे, जेमतेम किलोमीटरभरावर, माझा जन्म झाला ती खोली होती. येण्याच्या कारणापाशी पेन थांबलं. मग 'खासगी काम' असं लिहून मोकळा झालो. डोळे भरून आले होते आणि ते हिला दिसू नयेत म्हणून मी पिशव्या उचलल्या.

खोली दुसऱ्या मजल्यावर. चादरी धुतलेल्या होत्या, हे मान्य केलं पाहिजे. साबणाचा उग्र वास होता, पण स्वच्छ होत्या. उशा मात्र दगडासारख्या. टॉवेल एकच. दुसरा मागितल्यावर मिळाला. दाराची कडी वाकलेली. ती लावायची तर दार खांद्याने दाबून धरावं लागे. न्हाणीघरातला नळ ठिबकत होता. खिडकी स्टँडच्या बाजूला, त्यामुळे गाड्यांची घोषणा, कंडक्टरच्या शिट्ट्या आणि रातराणीचे हॉर्न रात्रभर उशाशी. वरच्या मजल्यावर लग्नाचं वऱ्हाड उतरलं होतं आणि एक वाजेपर्यंत त्यांची पळापळ छतावर ऐकू येत होती. मी कुशी बदलत होतो आणि प्रत्येक आवाजाबरोबर मनात हिला दोष देत होतो. मधेच ही उठली, न्हाणीघरात गेली आणि नळाखालच्या बादलीत जुना टॉवेल टाकून आली. थेंबांचा आवाज बंद झाला. परत येऊन ती निजली आणि काही मिनिटांत तिला गाढ झोप लागली. एवढ्या गोंगाटात ही कशी झोपू शकते, याचं मला नवल वाटलं.

सकाळी गरम पाणी नव्हतं. डिसेंबरातलं नगर, बाहेर हुडहुडी भरलेली. अर्धा तास नळ सोडून ठेवला तरी पाणी गारच. मी तसाच खाली गेलो आणि काउंटरवर मोठ्याने बोललो. कराचे पैसे घेता, भाडं आगाऊ घेता, मग माणसाला अंघोळीला पाणी द्यायची अक्कल नाही का, असं मी बोललो. मॅनेजर माझ्या मुलीपेक्षाही लहान असेल. त्याने शांतपणे सांगितलं की गच्चीवर सोलर आहे, वऱ्हाडाने पहाटे पाचलाच सगळी टाकी उपसली. चुलीवर एक पातेलं तापत होतं, त्यातली पहिली बादली शेजारच्या खोलीतल्या बाईंना दिली. तुमची पुढची. "आधी आमचं का नाही?" असं मी विचारलं. हे माझे शब्द आहेत आणि ते लिहून काढल्याशिवाय हे मनोगत प्रामाणिक होणार नाही.

त्या बाई मला जिन्यात भेटल्या. चाळिशीच्या, ओले केस तसेच बांधलेले, हातात मोबाइलचा चार्जर. हिच्याशी त्यांचं आधीच बोलणं झालं होतं. जामखेडकडच्या. नवरा आठ दिवसांपासून नगरच्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागात होता आणि या आठ दिवस तिथल्या बाकड्यावर होत्या. आठ दिवस अंघोळ नाही, पाठ जमिनीला टेकलेली नाही. धाकट्या दिराने जबरदस्तीने एका रात्रीची खोली घेऊन दिली होती. "नगरात आमचं कुणी नाही," असं त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुमचं बी कुणी नाही का हितं?" मला उत्तर देता आलं नाही. हीच म्हणाली, "आहेत ना. पण त्यांना त्रास नको म्हणून." बाईंनी मान डोलावली. त्यांना ते पूर्ण पटलेलं दिसलं.

ज्याला गावात कुणी नाही तो लॉजवर उतरतो, या आमच्या घरच्या वाक्यात किती तुच्छता होती, ते मला त्या जिन्यात कळलं. एका रात्रीची पाठ टेकायची जागा, एक बादली गरम पाणी आणि लावता येईल असं दार, एवढ्यासाठी त्या बाईच्या दिराने तेराशे चव्वेचाळीस रुपये मोजले होते. तिच्या दृष्टीने ते हॉटेल म्हणजे फार मोठा आधार होता. मी नंतर मॅनेजरची माफी मागितली. त्याने "काही नाही काका" म्हणून विषय संपवला आणि दुपारी न मागता खोलीत नवी उशी पाठवली. नळ मात्र दुसऱ्या रात्रीही ठिबकला. सांगूनही कुणी आलं नाही.

खरेदीखताच्या सह्या आम्ही आलो त्याच दिवशी झाल्या होत्या. अंगठ्याचा ठसा, फोटो, पुन्हा ठसा. त्याबद्दल जास्त लिहवत नाही. सही करताना दादाचा हात थरथरला एवढंच.

त्याच संध्याकाळी तो आम्हाला भेटायला लॉजवर आला. माझ्या भावाला माझ्याच गावात मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं, काउंटरला फोन करून चहा मागवला आणि तो कागदी कपांत आला. दादाने कप हातात धरला तो तसाच धरून ठेवला. निवायला आल्यावर एका घोटात प्याला. आम्ही दोघंही भिंतीकडे बघत बोलत होतो. लॉजवर उतरण्यात काहीच वाईट नाही असं आता मला कुणी सांगितलं, तर मी हा चहा त्याच्यापुढे ठेवीन. त्या अर्ध्या तासात आमच्यात जी परकी शांतता होती, ती घरच्या ओट्यावर कधी झाली नसती. माझं मत बदललं आहे, पण हे दुःख खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळा वेळ होता. ही म्हणाली, "मला किल्ला बघायचाय." मी चकित झालो. "तू बघितला नाहीस?" नाही. आमचं लग्न १९९०चं. चौतीस वर्षांत ती किमान साठ-सत्तर वेळा नगरला आली असेल. भुईकोट किल्ला तिने कधी आतून पाहिला नव्हता. चांदबीबीचा महाल म्हणतात ती सलाबतखानाची कबर बसमधून डोंगरावर दिसते, तेवढीच. कापडबाजारात ती गेली ती सणाची खरेदी करायला, कुणाच्या तरी सोबत, हातातली यादी संपली की परत. का, असं विचारायचा मूर्खपणा मी केला. तिने रिक्षात बसल्या बसल्या, अगदी सहज, हिशोब सांगितला. नगरला आलं की पाचला उठायचं. आईंच्या आधी नाही उठलं तर बरं दिसत नाही. मग चहाच्या तीन खेपा, अंघोळीचं पाणी, नाष्टा, स्वयंपाक, भांडी, दुपारी आल्यागेल्याचा चहा, संध्याकाळी पुन्हा तेच. तुम्ही मित्रांना भेटायला जायचात. रात्री मी बायकांबरोबर बोळात झोपायची आणि तुम्ही पुरुष बाहेरच्या खोलीत. पुढे सावेडीला गेल्यावर बोळाऐवजी वहिनींची खोली झाली, एवढाच फरक.

मग ती जरा थांबून म्हणाली, "नगरात आपण दोघं एका खोलीत, दार लावून, काल पहिल्यांदा झोपलो. तुमच्या लक्षात आलं का?"

माझ्या लक्षात आलं नव्हतं. चौतीस वर्षांत आलं नव्हतं. माझं गाव, माझं घर, माझी माणसं असं मी म्हणत राहिलो आणि त्या गावात माझ्या बायकोला स्वतःचा एक कोपरा मिळाला तो १३४४ रुपयांच्या खोलीत, वाकलेल्या कडीच्या आत. रात्री तिला गाढ झोप का लागली, हे मला रिक्षात कळलं. सकाळी तिला कुणाच्याही आधी उठायचं नव्हतं.

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. आधार कार्डं दाखवून आम्ही आत गेलो. ऑगस्ट १९४२ मध्ये पकडलेल्या काँग्रेसच्या बारा पुढाऱ्यांना जिथे ठेवलं होतं, त्या खोल्या अजून जपल्या आहेत. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. नेहरूंनी 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच १९४४ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत लिहिलं. लहानपणी शाळेच्या सहलीत मी हे पाठ करून आलो होतो आणि तेच मोठ्या उत्साहाने हिला सांगत होतो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यांच्या बायका तेव्हा कुठे होत्या?"

मला मौलाना आझादांची हकीकत माहीत होती. पहाटे तीन-चारला उठून ते याच तुरुंगात स्वतःच्या हाताने चहा करून पीत, त्या चहाबद्दल त्यांनी आपल्या पत्रांत फार प्रेमाने लिहिलं आहे. ती पत्रं पुढे 'गुबार-ए-खातिर' या पुस्तकात आली. ते इथे असताना कलकत्त्याला त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम यांचा आजार बळावला. तुरुंगाधिकाऱ्याने सुचवलं की सरकारला काही कळवायचं असेल तर कळवा. परक्या सरकारकडे विनंती करायची नाही, म्हणून आझादांनी काहीही मागितलं नाही. ९ एप्रिल १९४३ रोजी त्या गेल्या. सुटून कलकत्त्याला पोचल्यावर ते आधी त्यांच्या कबरीवर गेले. हे मी सांगत होतो आणि मध्येच माझा आवाज बसला. आझादांचा निग्रह मला आजही थोर वाटतो आणि माझ्या साध्या संसाराची त्याच्याशी तुलना मी करत नाही. पण आजवर ही गोष्ट मी नेहमी किल्ल्याच्या आतून सांगितली होती. कलकत्त्याच्या खोलीत पडून दाराकडे बघणाऱ्या बाईच्या बाजूने ती मी त्या दिवशी प्रथम ऐकली, माझ्याच तोंडून. ही काही बोलली नाही. त्या खोलीच्या उंबऱ्याला हात लावून बाहेर आली.

तिथून कापडबाजारात गेलो. यादी नव्हती. तिने दोन तास घेतले, तीन दुकानं हिंडली आणि स्वतःसाठी एक साडी घेतली, मोरपंखी. मी दुकानाच्या पायरीवर बसून होतो. घाई करा, असं एकदाही म्हणालो नाही.

रात्री दादाकडे जेवण होतं. वहिनी काठी टेकत चालत होत्या, तरी पुरणपोळी केलीच होती. आम्ही भाऊ बाहेर बसलो, या दोघी आत. पाणी प्यायला मी आत गेलो तेव्हा वहिनींचे शब्द कानावर आले. त्या म्हणत होत्या, "वाईट नको वाटून घेऊस गं, पण या वेळी तुम्ही येणार म्हटल्यावर मला नुसता आनंद झाला. एरवी मी आधी गाद्या मोजायला लागायची." दोघी हसल्या. मी पाणी न पिता परत फिरलो.

या वाक्याने मला दुखावलं. आजही आठवलं की टोचतं. चौतीस वर्षं ज्या घरी मी हक्काने उतरत होतो, तिथे माझ्या येण्याची पहिली खबर गाद्यांच्या मोजणीने व्हायची, हे मला माहीत नव्हतं. आणि वहिनींनी कधी कळूही दिलं नव्हतं. मग मला आई आठवली. १९७२ साली अकरा माणसांच्या भाकरी थापणारी. तिला कुणी विचारलं होतं का? वडिलांनी विचारलं नव्हतं, हे मला नक्की माहीत आहे. माणसं ओसरीवर येऊन उभी राहायची आणि वडील आत बघून म्हणायचे, "चार पानं जास्त." दार लागलं नाही ते खरं. ती माणसं त्या दुष्काळात जगली, माझे चुलतभाऊ शिकले, त्यातला एक पुढे मुख्याध्यापक झाला. त्या उघड्या दाराचं मोल मी कमी करणार नाही. फक्त त्याचं श्रेय मी आयुष्यभर ज्याच्या नावे सांगत आलो, ते माणूस चुकीचं होतं.

लॉजवर परतताना मी हिला हे सांगितलं. तिने एवढंच म्हटलं, "आई कधी दमले म्हणाल्या नाहीत." पुढे स्टँडपर्यंत आम्ही चालतच गेलो. नगरचं नाव नुकतंच बदललं होतं. नव्या नावाच्या पाट्या लावलेल्या आणि जुन्या नावाच्या पाट्या तशाच राहिलेल्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या.

सकाळी खोली सोडताना शेजारचं दार उघडं दिसलं. मुलगा चादरी गोळा करत होता. जामखेडच्या बाईंबद्दल विचारलं, तर पहाटेच दवाखान्यात गेल्या म्हणाला. पुढचं कळलं नाही.

मागच्या महिन्यात दादाचा फोन आला. वहिनींना दुसऱ्या गुडघ्यासाठी पुण्यात एका डॉक्टरांना दाखवायचं आहे. "दोन-तीन दिवस लागतील. तुमच्याजवळ एखादं बरं हॉटेल आहे का रे?" असं त्याने विचारलं. 'घर असताना हॉटेल?' हे शब्द अगदी जिभेवर आले होते. ते गिळले. "पाच मिनिटांत फोन करतो," म्हणालो आणि आत गेलो. ही भाजी निवडत बसली होती. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिला विचारलं, दादा-वहिनी येतायत, आपल्याकडे राहू देत का, तुला जमेल का. तिने लगेच उत्तर दिलं नाही. हातातली मेथी संपवली. मग म्हणाली, "येऊ देत. वहिनींना आपली आतली खोली देऊ, दार लागतं तिथलं. दुपारचा डबा बाहेरून मागवू. आणि सकाळचं सगळं तुम्ही बघायचं."

दादा-वहिनी सोमवारी आले. दादा पाचला उठतो, बिनसाखरेचा चहा घेतो. मी रात्री गजर पावणेपाचचा लावला आणि चहापत्तीचा डबा कुठे असतो ते हिला विचारून ठेवलं.